ओयेवुमीचा लाल दिवा

"वीज आली, वीज आली" म्हणून अख्खी गल्ली बोंबलत होती, पत्र्याचे डबे बडवत होती, आणि ओयेवुमी मात्र जनरेटरशेजारी बसून निवांतपणे भाजलेल्या कणसाचे दाणे काढत होता.

नायजेरियातल्या इबादान शहराच्या त्या गल्लीत वीज परतली की लहानथोर सगळे आरोळी ठोकतात. ती ऐकायची, भिंतीवरचा मोठा खटका सरकारी विजेकडे वळवायचा आणि जनरेटर बंद करायचा, एवढंच त्याचं काम. पण उभा जन्म रेडिओ आणि भोंगे दुरुस्त करून त्याचे कान असे बसले होते, की शेजारी हत्ती शिंकला असता तर वारा सुटला म्हणून त्याने टोपी सावरली असती.

जनरेटर पेट्रोल संपून थांबला. ओयेवुमी कॅन घेऊन पंपाच्या रांगेत दुपारभर उभा राहिला. तारेत वीज होती आणि फ्रीजरमध्ये बांगडे वितळत होते.

मासे विकणारी त्याची बायको मोरेनिके बाजारातून आली. तिने एक बांगडा शेपटीला धरून उचलला. तो लोंबला.

"बिसोलाचे बाबा, हा मासा आहे की ओलं फडकं?"

तिचा भाऊ कोलावोले अमालाचे पिठाळ गोळे चापत होता. "दाजींना आराम दे, ताई. खटक्यावर मी बसतो. मला कान आहेत."

"आणि जीभही आहे," ओयेवुमी त्याचे ओठ वाचून म्हणाला. दुरुस्तीचं दुकान बंद झाल्यापासून या घराला त्याची गरज उरली होती ती त्या खटक्यापुरती. तोही गेला तर तो नुसता जेवणारा माणूस.

"शनिवारपर्यंत काय ते बघा," मोरेनिके मोठ्याने म्हणाली. "नाहीतर खटका कोलावोलेचा. आणि मेनच्या तारेला बोट लावायचं नाही. मागच्या खेपेला तुम्हाला शेजाऱ्यांच्या छपरावरून उतरवून आणलंय."

तारेला हात न लावता तारेत वीज आहे का, हे कसं कळावं? ओयेवुमीने जुना मोबाइल चार्जर काढला. वीज असली की हा पाच व्होल्ट देणार, नसली की काही नाही. लेक बिसोलाने लागोसहून पाठवलेला काडेपेटीएवढा कॉम्प्युटर-बोर्ड होताच; त्याला पाचही सोसत नाहीत, म्हणून मध्ये दोन रेझिस्टर घालून दाब उतरवला. बोर्ड पॉवर बँकेवर. त्याला शिकवलं: वीज आली की लगेच हुरळू नकोस, ती डोळा मारून पळते, टिकली तरच दिवा लाव. खिडकीत लाल दिव्यांचा झुबका बसवला.

शुक्रवारी वीज गेली. कोलावोलेने जनरेटर सुरू केला आणि झुबका थाटात पेटला. ओयेवुमीने ऐटीत खटका वळवला. घरात अंधार.

"दाजी, तुमच्या पेटीने आपल्या जनरेटरलाच सरकार मानलं की," कोलावोले हसून हसून भिंतीला टेकला.

ओयेवुमीने कपाळावर हात मारला. चार्जर स्वयंपाकघरात लावला होता. तिथे खटक्यातून येईल ती वीज, मग ती कुणाचीही असो. जागा हवी होती खटक्याच्या अलीकडे, मीटरपाशी.

"वायरमनला बोलावतो," तो म्हणाला. मोरेनिकेने त्याच्याकडे नीट पाहिलं. लग्न झाल्यापासून त्याने दुसऱ्याला वायर जोडू दिली नव्हती.

वायरमनने फ्यूज काढून खिशात टाकला, मीटरजवळ वेगळा फ्यूज घालून एक सॉकेट बसवलं. ओयेवुमी हात मागे बांधून उभा. हात फार खाजत होते.

शनिवारी फुटबॉलचा सामना होता. गल्लीतला एकूण एक जनरेटर गुरगुरत होता. आवाज असा की कोंबड्या अंडी घालायचं विसरल्या. वीज आली तेव्हा एकालाही कळलं नाही.

लाल झुबका पेटला. ओयेवुमी उठला, खटका वळवला, जनरेटर बंद केला. घरातले दिवे तसेच लागलेले.

मोरेनिके दारात आली. "कुणी ओरडलं नाही. कोलावोलेलाही कळलं नाही."

"कान आहेत ना त्याला," ओयेवुमी म्हणाला.

तिने फ्रीजरमधला एक बांगडा काढून त्याच्याच काठावर ठोकला. टणक वाजला. मग तो तिने भावाच्या हातात दिला. "हा घे आणि घरी जा."

सोमवारी समोरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईने आपलं मशीन ओढत ओढत फिरवलं आणि ओयेवुमीच्या खिडकीतल्या लाल दिव्याकडे तोंड करून शिवायला बसली.