शेजारी बसणारी

मंजूषा सकाळी न्यूनेनहून निघाली तेव्हा तिच्या पिशवीत खाऱ्या शंकरपाळ्यांचा डबा होता आणि डोक्यात भांडणाची तयारी. बसने आइंडहोव्हन, तिथून रेल्वेने रॉटरडॅम, मग मेट्रोने कापेल. एवढा प्रवास ती वर्षातून तीन-चारदा करायची आणि तोही एका व्हिडिओ गेमपायी, हे ऑफिसात कुणाला सांगितलं असतं तर पटलं नसतं. चाळिशीला टेकलेली, पगाराच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारी, हळू आवाजात बोलणारी बाई ती.

गेमचं नाव 'टाइडगेट'. बुडालेल्या एका राज्यात किरा नावाची नावाडीण आपली होडी घेऊन हिंडते. त्या राज्यात सात जलमहाल. महालात दरवाजे, झडपा आणि कमी-जास्त होणारं पाणी. कुठलं दार उघडून पाणी चढवायचं, कुठलं बंद करून उतरवायचं, हा क्रम जमला की पुढची वाट मोकळी. मंजूषा शाळेत होती तेव्हा पहिला भाग आला आणि मग भागामागून भाग येत राहिले. गोष्ट नवी, महाल नवे, पण घडण तीच. गेल्या खेपेपासून मात्र गेम बनवणाऱ्यांनी ती घडणच मोडली. सात महाल गेले. अख्खं राज्य मोकळं सोडलं. कुठूनही निघा, कुठेही जा, वाटेत लाकडं तोडा, मासे भाजा, हवं तर गोष्ट विसरून जा. आता त्याच वळणाचा दुसरा भाग आला होता आणि जगभरच्या चाहत्यांत सरळ दोन तट पडले होते. नेदरलंड्समधल्या मराठी चाहत्यांचा एक लहानसा 'टाइडगेट कट्टा' होता, त्यातही.

कट्टा भरायचा कापेलला, प्रकाशच्या घरी. प्रकाश मूळचा डोंबिवलीचा, एका बँकेच्या आयटीत, आणि जुन्या टाइडगेटचा कट्टर भक्त. मंजूषाने बूट काढेपर्यंत आतून त्याचा आवाज आलाच.

"महालच नाहीत तर टाइडगेट म्हणायचं कशाला? मासे भाजायला मी गेम घेत नाही. ते आमच्याकडे सरला करते!"

"मी पण करायचं सोडीन," सरला स्वयंपाकघरातून म्हणाली. "भांडा खुशाल, पण वडे गरम आहेत तोवर खा."

समोर ईशान बसला होता. डेल्फ्टला पीएचडी करणारा, कट्ट्यातला सगळ्यात तरुण. त्याने टाइडगेट सुरू केला तोच नव्या वळणाच्या भागापासून. प्रकाश त्याला चेष्टेने 'नवमतवादी' म्हणायचा.

"प्रकाशदादा, तुमचे महाल म्हणजे कुलूप आणि किल्ली," ईशान म्हणाला. "किल्ली एकच, तीही कुणीतरी आधीच ठरवलेली. तुम्ही फक्त ती शोधायची. नव्यात मी डोंगरावरून पाणी सोडलं, माझ्या एका मित्राने होडीच उलटी करून तिचा पूल केला. दोघंही पलीकडे पोहोचलो. हे भारी नाही का?"

"पोहोचलात. पण काय सोडवलंत?" प्रकाशने मंजूषाकडे हात केला. "हिला विचार. पहिल्या भागातला पाचवा महाल. मंजूषा, सांग याला."

मंजूषाने वडा खाली ठेवला. "उत्तरेचं दार उघडायचं, पाणी गुडघ्यापर्यंत येतं. मग तळघरातली झडप अर्धीच फिरवायची. पूर्ण फिरवली की अडकलात. मग मागे येऊन पहिलंच दार बंद करायचं. तेच कुणाला सुचत नाही."

"बघ! इतक्या वर्षांनी पाठ आहे. नव्या भागातलं काय पाठ राहणार आहे तुझ्या?"

ईशान हसला, पण त्याच्या नजरेत खरोखरचं कौतुक होतं. "ताई, हा महाल तुम्ही किती वेळा खेळलात?"

हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारलाच नव्हता. कट्ट्यावर कुणी कुठे अडकलं की मंजूषाला विचारायचं, हे इतकं ठरून गेलं होतं की तिने खेळलं असणार हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं.

"एकदाही नाही," ती म्हणाली. "मी टाइडगेट कधी खेळलेच नाही."

प्रकाशला वाटलं, ती थट्टा करतेय.

"खरंच. रिमोट दादाच्या हातात असायचा."

मग तिने सांगितलं. चिंचवडला कंपनीच्या कॉलनीत त्यांचं घर. मस्कतच्या मामाने गेमचा डबा आणला, एक कॅसेट आणि एक रिमोट. दामूदादा तिच्याहून चार वर्षांनी मोठा. त्याचे हात चलाख, पण लक्षात म्हणून काही राहायचं नाही. कुठलं दार उघडलं, कुठली झडप फिरवली, सगळं मंजूषा डोक्यात ठेवायची. शाळा सुटल्यावर बाबा बातम्या लावेपर्यंतचा वेळ त्या दोघांचा. दादा पडद्याकडे बघत 'बोल' म्हणायचा आणि ती बोलायची. पुढे दादा शिकायला कराडला गेला, हॉस्टेलवर राहिला. गेमचा डबा टीव्हीखाली तसाच होता. कुणी अडवलं नव्हतं, पण तिने हात लावला नाही. वर्ष-दीड वर्षाने आईने तो शेजारच्या मुलांना देऊन टाकला. त्यानंतरचे सगळे भाग मंजूषाने इंटरनेटवर पाहिले, दुसरी माणसं खेळताना. बघता बघता सगळे महाल पाठ झाले.

"मला जुनं आवडतं ते अवघड होतं म्हणून नाही," ती म्हणाली. "जुन्यात शेजारी बसणाऱ्याला काम होतं. एकाने हात चालवायचे, दुसऱ्याने डोकं. नव्यात जो तो आपापला फिरतो. शेजारी बसलेल्याने काय बोलायचं?"

एरवी जुन्याच्या बाजूने कुणी काही म्हटलं की प्रकाश टाळी मागायचा. आज त्याने वड्याची ताटली तिच्याकडे सरकवली.

ईशान मात्र उठला, टीव्ही लावला आणि कंट्रोलर तिच्या हातात दिला. "घ्या. भांडण नंतर."

ती नको नको म्हणाली, पण तो ऐकेना. मंजूषाचे अंगठे जड झाले. किरा कड्यावरून सरळ समुद्रात पडली. पुन्हा उभी केली, पुन्हा पडली. सरला हात पुसत बघायला आली आणि खळखळून हसली. मंजूषालाही हसू आलं. मग कशीबशी होडी मिळाली आणि ती निघाली. ईशान शेजारी गप्प बसला होता. खरंच, सांगण्यासारखं काही नव्हतंच. ती वारा नेईल तिकडे जात राहिली.

ओहोटी लागली. पाणी निवळलं, आणि होडीखाली काहीतरी पांढरं दिसलं. एक कमान. मग दुसरी. मग पायऱ्यांची रांग. मंजूषाने होडी थांबवली.

"प्रकाश," ती म्हणाली, "इकडे ये."

"मी ते बघणार नाही असं ठरवलंय."

"अरे, ये तर. हा पाचवा महाल आहे."

प्रकाशने चष्मा लावला आणि सोफ्याच्या कडेवर येऊन बसला. पाण्याखाली उत्तरेचं दार होतं, अर्धं वाळूत रुतलेलं. तळघराकडे जाणारा उतार होता. मधला चौक होता, त्यावरून मासे फिरत होते. ईशान या पाण्यावरून कितीतरी वेळा गेला होता. त्याला ते नुसते दगड वाटले होते.

"आत जाता येतं का?" प्रकाशने विचारलं. त्याचा आवाज एकदम खाली आला होता.

मंजूषाने किराला पाण्यात उतरवलं. ती थोडी खाली गेली आणि श्वास संपून वर आली. पुन्हा उतरवलं, पुन्हा वर. आत जायला वाट नव्हती. बनवणाऱ्यांनी महाल ठेवला होता, पण दार ठेवलं नव्हतं. भरती येऊन पाणी गढूळ होईपर्यंत तिघं तसेच बघत बसले.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी तिने दादाला फोन लावला. दिवाळी, भाऊबीज, वाढदिवस सोडून त्यांचे फोन व्हायचे नाहीत. भांडण काही नव्हतं. तो पुण्यात, ती इकडे, आणि दोघांचे दिवस आपापल्या वाटेने भरलेले. त्यामुळे दादाने पहिलं विचारलं ते, "सगळं ठीक ना गं?"

"ठीक आहे रे. एक सांगायचं होतं. टाइडगेटचा नवा भाग आलाय ना, त्यात पाण्याखाली..."

"पाचवा महाल!" दादा म्हणाला. "बघितलास तू? मला वल्लरीने दाखवला. म्हणजे तिला कळलं नाही काय आहे ते. मीच ओरडलो."

वल्लरी त्याची मुलगी, अकरा वर्षांची. म्हणजे दादा खेळत होता. तिकडे टीव्हीसमोर बसून, तिच्याशिवाय, आणि तिला पत्ताही नव्हता.

"सांगितलं नाहीस," ती म्हणाली.

"तुमचा तो कट्टा आहे ना, सगळे जुन्याचे भक्त. म्हटलं, नवा आवडला म्हटलं तर चिडशील. आणि मी कुठे खेळतो? वल्लरी खेळते. मी शेजारी बसतो."

मंजूषाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पहिल्या दिवशी मी तिला डावीकडे जा, उजवीकडे जा सांगायला लागलो. ती म्हणाली, बाबा, प्लीज, मला माझं शोधू दे. मग आता नुसता बसतो. तिला माझी गरज नाही, तरी बसतो. उठावंसं वाटत नाही." दादा हसला, पण ते हसू पुरं झालं नाही. "मंजू, तू कशी बसायचीस गं एवढा वेळ? तुला हवासा नाही वाटला कधी रिमोट?"

"मला वाटायचं, मीच खेळतेय," मंजूषा म्हणाली.

दादाच्या घरी कुकरची शिट्टी झाली. मग त्याला कुणीतरी हाक मारली आणि तो "नंतर करतो" म्हणून गेला. त्या रात्री त्याचा फोन आला नाही. येणार नाही हे तिलाही ठाऊक होतं.

पुढच्या आठवड्यात तिने गेम घेतला. नवरा अंबरीश खोकं बघून म्हणाला, "अगं, तुझ्याकडे नव्हता?" त्यालाही ती इतकी वर्षं खेळतच असावी असं वाटत होतं. शनिवारी तो मैदानावर क्रिकेट खेळायला गेला की ती टीव्हीसमोर बसायची. अंगठे हळूहळू वळायला लागले. कड्यावरून पडणं कमी झालं. पण काही छान दिसलं की तिची मान आपोआप उजवीकडे वळायची. दादा नेहमी तिच्या उजवीकडे बसायचा. तिथे आता खुर्ची होती आणि खुर्चीवर धुतलेले कपडे.

एका शनिवारी त्यांनी व्हिडिओ कॉलवर जमवून बघितलं. ती खेळणार, दादा आणि वल्लरी बघणार. चित्र अडकत होतं, आवाज मागे पडत होता. दादा "थांब" म्हणायचा तेव्हा ती पुढे गेलेली असायची. वल्लरी थोड्याच वेळात कंटाळली आणि "आत्या, तू खूप स्लो आहेस," असं प्रेमाने सांगून निघून गेली. दादा बसला होता, पण त्याला पाहुण्यांकडे जायचं होतं. पुढच्या शनिवारी जमू म्हणाला. पुढच्या शनिवारी त्याचा मेसेज आला, आज जमत नाही, तू खेळ.

ती खेळली. राग आला होता, म्हणून किनारा सोडून लांब गेली, कट्ट्यावर कुणी नाव काढलं नव्हतं तिकडे. दोन काळ्या खडकांच्या मधून होडी निसटली आणि पलीकडे एक लहानसं बेट लागलं. बेटावर एक झोपडी, आत चूल, आणि भिंतीशी दोन वल्ही टेकवून ठेवलेली. किराच्या होडीला आजवर एकच वल्हं होतं. तिने त्यांतलं एक जोडीला उचललं. पुढे काहीच घडलं नाही. ना संगीत, ना बक्षीस. नुसतं ते वल्हं होडीत जाऊन पडलं.

मंजूषाने मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि कट्ट्याला न पाठवता दादाला पाठवला.

उत्तर आलं ते सोमवारी सकाळी, ती कामाला बसत होती तेव्हा. "हे कुठे आहे? वल्लरीला पण नाही सापडलं. कसं जायचं?"

तिने लिहायला घेतलं. वायव्येला जा, दीपस्तंभ डाव्या हाताला ठेव, दोन काळे खडक दिसतील, ओहोटीची वाट बघ. अगदी नीट, एकही वळण न सोडता. सगळं लिहून झाल्यावर तिने ते एकदा वाचलं आणि पुसून टाकलं.

"मीही सांगणार नाही आणि तूही एकट्याने शोधू नकोस," तिने लिहिलं. "कधी वेळ आहे तुला? खरा वेळ."

दुपार झाली. दोन मीटिंगा झाल्या. तिसरी चालू असताना मोबाइल थरथरला.

"रविवारी वल्लरी चित्रकलेच्या क्लासला जाते. दोन तास घरी मी एकटाच असतो. मी खेळतो, तू बघ. नाहीतर तू खेळ, मी बघतो. काहीही."

मीटिंगमध्ये कुणीतरी तिचं नाव घेऊन काही विचारलं. मंजूषाने ते पुन्हा सांगायला लावलं, माफी मागितली आणि उत्तर दिलं. संध्याकाळी तिने उजवीकडच्या खुर्चीवरचे कपडे घडी करून कपाटात ठेवले, आणि दूध संपलं होतं म्हणून सायकल काढून दुकानाकडे निघाली. रविवार अजून लांब होता.