अरेथूसाचा खालचा ओठ

आमच्या सिराक्यूस शहरात बाजाराला निघालेल्या बाईचे सुटे पैसे गालात असतात, म्हणजे हात मोकळे राहतात. त्या दिवशी माझी शेजारीण फिलिन्ना मात्र नवं नाणं मुठीत आवळून माझ्या दारात आली.

"क्लेओ, ही कोण?"

"अगं, अरेथूसा. आपल्या झऱ्याची देवी. भोवती मासे पोहतायत, दिसत नाहीत का?"

"देवी देवळात. ही बाई कोण, ते विचारतेय. हा ओठ बघ."

नाण्याचा ठसा तिच्याच नवऱ्यानं, टांकसाळीतल्या देक्सिओननं कोरला होता. आधीच्या नाण्यांवरच्या सगळ्या अरेथूसा मख्ख, बाहुल्यांसारख्या. हिचा खालचा ओठ जरासा पुढे, हनुवटी वर. देवीचा काय तोरा आहे, असं गावभर चाललं होतं. फिलिन्नाचं म्हणणं वेगळं. असा ओठ मनानं कोरता येत नाही, तो कुठेतरी पाहावा लागतो. देक्सिओनला विचारलं, तर "देवी आहे ती" एवढं म्हणून तो मूग गिळून बसला. खरं सांगते, मलाही यात पाणी मुरतंय असंच वाटलं. सरळ माणूस इतकं कमी बोलत नाही.

"ती सापडू दे," फिलिन्ना म्हणाली. "त्याच दिवशी मी कामारिनाला भावाकडे जाणार. कायमची." गाठोडं तिनं बांधूनही ठेवलं.

मग आम्ही झऱ्यावर जायला लागलो. घागर भरायचं निमित्त, डोळे बायकांच्या तोंडांवर. नाण्यावरचा चेहरा बाजूनं असतो, त्यामुळे समोरून बघून काही कळेना. फिलिन्ना ज्या त्या बाईच्या बाजूला जाऊन उभी राहायची आणि तिरपं बघायची. बासरीवाली? नाक बसकं. कोळीण? तिला हनुवटीच नाही. शेवटी संशय ठरला लाम्पितोवर. ती टांकसाळीच्या दारातच फुलांचे हार विकायची, आणि तिचा तो ओठ तर विचारूच नका.

देमेतर देवीच्या सणाला आम्ही बायका एकमेकींना वाट्टेल ते बोलतो. देवीला ते आवडतं, आणि कुणी रागवायचं नसतं. पुरुषांना तिथे मज्जाव. सगळ्या तिळामधाच्या वड्या खात बसलो होतो, तेवढ्यात फिलिन्ना उठली. थट्टेचा सूर काही तिला जमला नाही.

"काय गं लाम्पितो, माझ्या नवऱ्यापुढे मान वळवून किती वेळ बसायचीस? देवी व्हायला अंगावरचं काय काय सोडलंस?"

बायका खिदळल्या. लाम्पितोनं गालातून नाणं काढलं, पुसलं आणि फिलिन्नाच्या कानाशी धरलं.

"बघा गं बायांनो. दोन दोन अरेथूसा!"

मी बाजूलाच होते. नाण्याकडे पाहिलं, फिलिन्नाकडे पाहिलं, आणि माझ्या घशात तीळ अडकले. तोच ओठ, तीच हनुवटी. रोज भिंतीवरून हिच्याशी बोलणारी मी, आणि मला दिसलं नव्हतं! तिला तर दिसणार कसं? काशाच्या आरशात माणूस समोरून दिसतं. बाजूनं स्वतःला कोण पाहतं?

"मी?" फिलिन्नानं आपला ओठ बोटानं चाचपला.

"अख्ख्या टांकसाळीला माहीत आहे, टवळे! तुझ्या त्या नजरेनं माझी फुलं सुकायची वेळ आली."

सण आटोपून आम्ही घरी आलो. आमच्या अंगणांमध्ये एकच भिंत, पलीकडचं सगळं ऐकू येतं, आणि मी काही कान झाकून बसणाऱ्यातली नव्हे.

"माझा चेहरा का कोरलात? आणि तोही असा फुगलेला?"

"मला हाच दिसतो," देक्सिओन म्हणाला. "किती वर्षं झाली, चुलीपाशी बसतेस ती भिंतीकडे तोंड करून. काही विचारलं की ओठ पुढे. समोरून कशी दिसतेस, ते विसरलोय मी."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं, तर म्हणाली असतीस, आता काय लपवायला गोड बोलताय."

मग काहीतरी फरफटत ओढल्याचा आवाज आला. मला वाईट वाटत होतं, आणि राहवतही नव्हतं. भिंतीवरून डोकावले. गाठोडं सुटून पडलं होतं. फिलिन्नानं आपली तिवई त्याच्या अगदी समोर मांडली होती आणि त्याच्याकडे बघून ती हसत होती, सगळा चेहरा दाखवून.

देक्सिओन बसल्या जागी मागे सरकला.

"का गं?" तो म्हणाला. "आता काय केलं मी?"