अंबाडीला अंधार हवा

२०१९च्या ऑगस्टमध्ये सुट्टी संपवून कतारमधल्या मेसईदला परतताना धोंडीरामने बॅगेत मूठभर अंबाडीचं बी आणलं. तो वेल्डर होता, परभणीकडचा. कामगार-कॅम्पच्या स्वयंपाकघरामागे भिंतीलगत त्याने ते टोकलं. एसीखाली बादली लावून साठलेलं पाणी तो रोज घालायचा. चौथ्या दिवशी कोंब वर आले, आणि ऑक्टोबर लागेपर्यंत झाडं छातीला लागली. पानं पंजासारखी फाटलेली, कडेला करवतीचे दाते.

कॅम्पचा इनचार्ज महमूद सुदानचा. त्याने एके दिवशी ती पाहिली आणि तिथंच थबकला.

"हे काय लावलंयस?" त्याने मोडक्या हिंदीत विचारलं.

"भाजी आहे साहेब. अंबाडी."

महमूदने मोबाइलवर गांजाच्या पानाचा फोटो शोधून झाडाशी धरला. दोन्ही पानं सारखीच दिसत होती. "या देशात याला काय शिक्षा आहे, ठाऊक आहे? तू जाशील, आणि तुझ्यासोबत मीही जाईन."

धोंडीरामने कोवळं पान तोडून चावलं. "आंबट आहे. बघा खाऊन."

महमूद दोन पावलं मागे सरला. मग म्हणाला, "याला फूल येतं?"

"पिवळं येतं. मधोमध गडद लाल. जास्वंदीसारखं."

"पुढच्या महिन्याच्या शेवटी तपासणी आहे. त्याआधी फूल दाखव. नाहीतर उपटायचं. तोवर एक पानही तोडू नकोस."

दसरा झाला, दिवाळी झाली. गावाकडे एव्हाना अंबाडी फुललेली असते. इथे झाडं नुसती वाढत होती, कळी एक नाही. खोलीतला रामेश्वर म्हणाला, "उपटून टाक बाप्पा. भाजीपायी जेलात जायलास का?" धोंडीरामने खोडाला हात घातला, पण ओढवेना. दोन महिने तेवढंच हिरवं त्याच्या नजरेसमोर होतं.

त्या संध्याकाळी त्याने व्हिडिओ कॉलवर बायकोला, हौसाबाईला, झाडं दाखवली. दिवस मावळला होता, तरी पान न् पान दिसत होतं.

"एवढा उजेड कशाचा हो?"

"भिंतीपलीकडं यार्ड हाय. वर्ल्डकपच्या स्टेडियमचं लोखंड बनतंय. रातभर दिवे चालू ऱ्हातात."

"मंग फुलंल कशी? आपल्या धुऱ्यावर खांबाच्या दिव्याखालची वळ कधी फुलली का? तिला अंधार लागतो."

बांधावरची ती ओळ धोंडीरामनेही दरवर्षी पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी त्याने भंगारातल्या पाइपांचा सांगाडा उभा केला. ड्युटीवरून आला की त्यावर काळं प्लास्टिक टाकायचं, पहाटे बस पकडण्याआधी काढायचं. एकही दिवस चुकला नाही. तिसऱ्या आठवड्यात बारीक कळ्या दिसल्या. पुढे एका शुक्रवारी सकाळी पहिलं फूल उमललं.

ते दुपारपर्यंत मिटणार होतं. तो धावतच महमूदकडे गेला. महमूद झोपेतून उठून चपलांवर आला, वाकून बराच वेळ बघत राहिला.

"हे तर करकदेचं भावंड!" तो म्हणाला. "माझी आई त्याच्या लाल बोंडांचं सरबत करते. फूल अगदी असंच." मग त्याने स्वतःच पान तोडून तोंडात टाकलं, डोळे घट्ट मिटले आणि हसला. "खूप घाबरवलं मी तुला."

"उपटलं नाहीत साहेब, तेच पुष्कळ."

तपासणीच्या दिवशी साहेब लोक दुपारी आले, तेव्हा फुलं मिटलेली होती. महमूदने सकाळीच काढलेले फोटो दाखवले आणि अरबीत सगळं समजावलं. त्यांनी मान हलवली आणि ते पुढे गेले.

भाजी मात्र बिघडलीच. पानं जून झालेली, दातात दोरे अडकत होते. तरी लसणाच्या फोडणीवर रामेश्वरने दोनदा वाढून घेतली.

जानेवारीत बोंडं वाळली. त्यांची कुसं बोटांत रुतत होती, म्हणून धोंडीरामने वेल्डिंगचे हातमोजे घातले आणि चादरीवर काठीने बडवून बी काढलं. महमूद शेजारी उकिडवा बसून पाखडायला लागला. जमत नव्हतं, निम्मं बी जमिनीवर सांडत होतं.

"मलाही थोडं दे," तो म्हणाला. "कधी पेरायचं?"

"उन्हाळा उतरायला लागला की. तोवर कोरडं ठेवा."

महमूदने ओंजळ पुढे केली.