बर्फाची गोळी आणि कोरडी कुंडी

बार उडाला आणि सभागृहातल्या पाचशे माणसांनी एकदम डोळे मिटले. उघडले तेव्हा गोळीबाबा जागच्या जागी उभे! शिष्याच्या रिव्हॉल्व्हरमधून धूर निघत होता आणि बाबांच्या पांढऱ्या झग्यावर, छातीपासून कमरेपर्यंत, ओला डाग पसरत चालला होता. पाणी ठिबकायला लागलं तशी पुढच्या रांगेतली माणसं बाटल्या घेऊन धावली.

"शिसं म्हणजे काय?" बाबा डोळे मिटून बोलत होते. "शिसं म्हणजे गोठलेला राग! आम्ही राग विरघळवतो. राग विरघळला की पाणी. पाणी विरघळलं की शांती!"

पाणी कशात विरघळतं, हे कुणी विचारलं नाही. विचारणार कोण? दोनच मिनिटांपूर्वी त्याच रिव्हॉल्व्हरच्या पहिल्या बाराने वाळूच्या पोत्यांपुढच्या कुंडीच्या ठिकऱ्या उडालेल्या सगळ्यांनी पाहिल्या होत्या. हत्यार खरं, गोळी खरी, मग बाबाही खरेच!

शेवटच्या रांगेत फोरमनबाई दात-ओठ खात उभ्या होत्या. तीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात काढलेली ही बाई अशा ठिकाणी फिरकणारी नव्हे. पण त्यांचा धाकटा भाऊ व्यासपीठावर हात जोडून बसला होता. तो बँकेच्या दारावरचा बंदूकधारी रखवालदार. आणि बाबांनी आत्ताच जाहीर केलं होतं : पुढच्या रविवारी दुसरा बार याच्यावर, हा आमच्या कृपेने तरेल.

"ताई, तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंस ना?" घरी आल्यावर भाऊ म्हणाला.

"पाहिलं. एक ओला माणूस पाहिला."

"एवढा रविवार होऊ दे. मग मला ते गोळीरोधक जॅकेटही नको. बाबा म्हणाले, काढून टाक."

"आणि बँकेवर दरोडा घालणारा बाबांना विचारून गोळी झाडणार आहे का रे?"

भाऊ हसला. लहान मुलाकडे बघून हसावं तसं. फोरमनबाईंना वाटलं, भिंतीवर डोकं आपटून घ्यावं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांना गाठलं. मास्तरांनी टाळीच वाजवली. "अहो, सोपं आहे! बर्फाची गोळी! झाडली की वितळते, पुरावा शिल्लक राहत नाही. रविवारी सगळ्यांसमोर सांगतो."

बाईंनी कपाळाला हात लावला. "मास्तर, बर्फ!"

"हो, बर्फच. सगळ्यांना माहीत आहे."

"मला माहीत नाही. आणि माझा जन्म गेला बर्फात."

त्यांनी मास्तरांना कारखान्यात नेलं. बोटाएवढा बर्फाचा तुकडा लोखंडी पाटावर ठेवला आणि हातोडीने एक टोला हाणला. चुरा मास्तरांच्या चष्म्यावर उडाला. "काडतुसातल्या दारूचा दणका याच्या कितीतरी पट. नळीतून गोळी बाहेर येईल की चुरा?"

"पण मी वाचलंय..."

"कुठे?"

"सगळीकडेच," मास्तर ओशाळून म्हणाले.

"मग त्या भक्तांत आणि आपल्यात फरक काय राहिला? ते सगळीकडे ऐकतात, आपण सगळीकडे वाचतो. करून कुणीच बघत नाही!"

म्हणून त्यांनी करून पाहिलं. नेमबाजी क्लबात हत्यारं दुरुस्त करणारे एक वयस्कर कारागीर होते. बाई बर्फाच्या गोळ्या थंड डब्यात घालून त्यांच्याकडे घेऊन गेल्या. खऱ्या गोळीवरून साचा काढून, उकळलेल्या पाण्यापासून गोठवलेल्या, काचेसारख्या स्वच्छ अशा त्या गोळ्या होत्या. कारागिरांनी सहा पावलांवर वर्तमानपत्राचा कागद टांगला.

पहिली गोळी भरता भरताच पाझरली, दारू भिजली आणि बार उडालाच नाही. दुसरी उडाली. आवाज झाला, नळीतून धुक्याचा भपकारा आला. कागद फडफडला. त्यावर काजळी होती, थोडी ओल होती. भोक नव्हतं. तिसरीचंही तेच.

"साधा कागद फाटत नाही," कारागीर म्हणाले, "आणि लोक म्हणे हिने खून पाडतात."

उरलेली एक गोळी बाईंनी वाटीत वितळू दिली आणि थेंब मोजले. तेरा.

"तेरा थेंब, मास्तर! आणि तो बाबा कमरेपर्यंत भिजतो. ते पाणी गोळीतलं नाहीच. ते त्याने घरूनच आणलंय."

"आणि बार?" मास्तरांनी विचारलं.

कारागिरांनी खणातून एक काडतूस काढलं. त्यात दारू होती, पण पुढे गोळीऐवजी पुठ्ठ्याची चकती. "पोकळ काडतूस. सरावाला वापरतात. रिव्हॉल्व्हरच्या चक्राच्या पहिल्या घरात खरं भरायचं, पुढच्या घरांत ही. पण बाई, तुमच्या भावाला आवरा. सहा पावलांवर हा नुसता धूर. छातीला टेकवून उडवलं तर यानेही माणूस मरतो. आणि शिष्य घरं मोजायला चुकला तर बोलायलाच नको."

रविवारी सकाळी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पहिल्या बाराने कुंडी फुटली. टाळ्या झाल्या. भाऊ उठून सहा पावलांवर उभा राहिला तेवढ्यात फोरमनबाई दुसरी कुंडी छातीशी धरून गर्दीतून पुढे आल्या.

"हा बार आधी हिच्यावर झाडा."

"माई," बाबा गोड हसले, "तुमच्या मनात शंकेचं शिसं साठलंय."

"ते राहू द्या साठलेलं. कुंडीवर झाडा."

"ताई, माझी शोभा करू नकोस," भाऊ पुटपुटला. त्याचे कान लाल झाले होते.

बाईंचा आवाज फाटला. "अरे, एवढंच कर! कुंडी फुटली तर मी तुझ्या शेजारी उभी राहते. मग दोघांवर झाडू देत!"

भावाने बाबांवरचा विश्वास दाखवायलाच शिष्याकडे हात पुढे केला. शिष्य रिव्हॉल्व्हर सोडेना. भावाने ओढलं, त्यानेही ओढलं. तेव्हा भावाच्या कपाळावर पहिल्यांदा आठी पडली. त्याने हिसडा देऊन ते घेतलं, बाईंनी वाळूच्या पोत्यांपुढे ठेवलेल्या कुंडीवर नेम धरला आणि चाप ओढला.

कानठळ्या बसल्या. धूर विरला. कुंडी शाबूत होती. शाबूत आणि कोरडी ठणठणीत.

"कुंडीला सिद्धी प्राप्त झाली!" मागून कुणीतरी ओरडलं आणि निम्मं सभागृह हसलं.

भाऊ हसला नाही. त्याने उरलेली काडतुसं तळहातावर काढली. रोज हत्यार हाताळणारा माणूस, त्याला काही सांगावं लागलं नाही. पुठ्ठ्याच्या चकत्या बघत तो बाबांकडे चालू लागला. घाबरून बाबांनी हात अंगाशी घट्ट आवळले, आणि कुणी गोळी न झाडताच त्यांचा झगा भिजायला लागला! गर्दीतून पुढे आलेल्या मास्तरांनी बाबांची बाही वर केली. काखेत रबरी फुगा होता, त्याची नळी छातीवर आणलेली.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण बाटल्यावाल्या दोघी बायका तेवढ्यातही ते पाणी भरून घेत होत्या. एक गृहस्थ छातीठोकपणे सांगत होते, "बाबांच्या सान्निध्याने कुंडी वाचली." भावाने निदान जॅकेट पुन्हा चढवलं, पण तीन आठवडे बहिणीशी बोलला नाही. आणि सोमवारच्या वर्तमानपत्रात ठळक मथळा आला : 'बर्फाच्या गोळीचं बिंग फुटलं'. मास्तरांनी खुलाशाचं पत्र पाठवलं. ते छापून आलं नाही.

"बाई, ती बर्फाची गोळी आपल्याच कारखान्यातली का हो?" पाळी बदलताना एका कामगाराने कौतुकाने विचारलं.

फोरमनबाईंनी हातातला, बर्फाच्या लाद्या ओढायचा लोखंडी आकडा खाली टाकला. सगळे थबकले.

"बर्फाची गोळी नव्हती. बर्फाच्या गोळीने कागदही फाटत नाही. पण मी सांगते म्हणून हेसुद्धा मानू नका. बाबा सांगेल ते मानू नका, पेपरात छापून येईल ते मानू नका. ही एवढी लाद्यांची रास पडली आहे इथे. एक तुकडा घ्या, ठोकून बघा, वितळवून थेंब मोजा. त्याला शिक्षण लागत नाही, यंत्र लागत नाही. आपल्याला आधीच माहीत आहे हा हट्ट तेवढा घटकाभर सोडावा लागतो. तेवढंही जमणार नसेल, तर उद्या दुसरा बाबा येईल आणि तुमच्यातलाच कुणीतरी त्याच्यासमोर छाती काढून उभा राहील. आणि तेव्हा काडतूस पोकळच असेल, असं कुणी सांगावं?"