आपल्याच जागेवरचा ठिपका

आमच्या शाळेत माझ्या खोलीवर 'मार्गदर्शन' अशी पाटी आहे. शेवटच्या वर्षाची मुलं तिला भरती केंद्र म्हणतात. कुठलं कॉलेज, कुठला विषय, अर्जात काय लिहायचं आणि काय गिळायचं, हे सगळं मी बघते. मुलाखतीची तयारी ही तर माझी खासियत. नियम एकच, गप्प बसायचं नाही. उत्तर येत नसलं तरी बोलत राहायचं. सरावात कुणी थांबलं की मी टेबलावर पेनाने टकटक करते, आणि टकटक झाली की तोंड सुरू. माझी मुलं फडाफडा बोलतात याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

यंदा घोडं अडलं ते अक्कलदाढेपाशी. हिचे आईवडील दातांचे डॉक्टर, मोठा भाऊ दातांचा डॉक्टर, मामासुद्धा तोच. म्हणून वर्गाने हे नाव ठेवलं, आणि चपखल ठेवलं, कारण ही वर्गात उशिरा येते आणि आत काय चाललंय ते बाहेरून कळत नाही. सरावात एक प्रश्न विचारला की ही खिडकीबाहेर बघत बसायची. मी टकटक, टकटक करून थकायची. "अगं, देवाचा धावा करतेयस का? बोल काहीतरी," मी म्हणायची. ती म्हणायची, "मॅडम, अजून झालं नाहीये."

तिला गणित शिकायचं होतं, तेही एकाच कॉलेजात, दूरच्या. वडिलांनी दातांच्या कॉलेजात जागा आधीच पक्की करून ठेवली होती. माझ्यासमोर बसून ते शांतपणे म्हणाले होते, "मॅडम, एकदा प्रयत्न करू दे तिला. नाही जमलं तर पुन्हा हा विषय नको. आणि जमलं तरी गणितात माणूस आयुष्यभर करतो काय, ते मला कुणीतरी समजावून सांगा." मी तोंडभरून माहिती दिली. त्यांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही.

मुलाखत माझ्याच खोलीत होती, लॅपटॉपवर. कॉलेजची अट अशी की शाळेतलं एक मोठं माणूस खोलीत बसेल आणि अवाक्षर काढणार नाही, कसली खूणही करणार नाही. वडील बाहेर बाकावर. मी कोपऱ्यात, पेन हातात.

पडद्यावर पिकल्या केसांच्या एक प्राध्यापिका आल्या. इकडचं तिकडचं विचारलंच नाही. म्हणाल्या, "समज, तू बसली आहेस त्या मजल्याचा नकाशा काढला आणि त्याच मजल्यावर टाकला. कसाही, वाकडातिकडा. नकाशावरचा प्रत्येक ठिपका मजल्यावरची एकेक जागा दाखवतो. त्यातला एखादा ठिपका नेमका त्याच जागेवर पडला असेल का, जी जागा तो दाखवतो?"

अक्कलदाढ म्हणाली, "माहीत नाही." आणि गप्प बसली.

'माहीत नाही' हे माझ्या खोलीत बंदी घातलेलं वाक्य. ती गप्पच. पडद्यावरच्या बाईही गप्प. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. आणि मग माझ्या हाताने माझी परवानगी न घेता टेबलावर टकटक केली.

बाईंनी मान वर केली. "खोलीत कुणी खूण केली का?"

मेले, असं वाटलं. पोरीचं वर्ष नव्हे, आयुष्य मी एका पेनाने उडवलं. तोंड उघडायचीही सोय नव्हती.

अक्कलदाढ शांतपणे म्हणाली, "आमच्या मॅडम आहेत. त्यांना शांतता सहन होत नाही. टकटक म्हणजे 'बोल'. पण मला अजून बोलायचं नाहीये."

बाईंच्या ओठांचा कोपरा हलला. "मॅडमना सांग, पेन खाली ठेवा. तू घे तुझा वेळ."

मी पेन खाली ठेवलं. हात मांडीखाली घेऊन बसले आणि मग, नाइलाजाने, तिच्याकडे बघू लागले. इतकी वर्षं मी मुलांना बोलायला लावलं, पण विचार करताना कुणाला पाहिलंच नव्हतं. ती खिडकीकडे बघत होती, पण खिडकी तिला दिसत नव्हती. बोटं किंचित हलत होती. कपाळावर आठी पडायची, विरायची. त्या चेहऱ्याकडे बघताना मला श्वास मोठ्याने घ्यायची भीती वाटू लागली.

मग ती उठली. आग लागली तर बाहेर कसं पडायचं ते दाखवणारा मजल्याचा नकाशा माझ्या दाराशेजारी चिकटवलेला असतो. तो तिने काढून जमिनीवर टाकला आणि लॅपटॉप तिकडे वळवला.

"नकाशा मजल्यावर पडलाय," ती सावकाश म्हणाली. "म्हणजे तो जिथे पडलाय ती जागाही नकाशात आहे. या इथे, एवढीशी. त्या एवढ्याशा जागेत पुन्हा सगळा मजला, त्यात पुन्हा नकाशा पडलेला, आणखी छोटा. त्यात आणखी एक. असं आत आत जात राहिलं की शेवटी एकच ठिपका उरतो. तो सगळ्यांच्या आत आहे. तो हलू शकत नाही. तोच आपल्या जागेवर असणार."

मी रोज झाडून-पुसून घेते ती जमीन, आणि तिच्यावर एक खोली दुसऱ्या खोलीच्या आत, तळ नसल्यासारखी उतरत गेली होती. मला चक्क पाय वर घ्यावेसे वाटले.

"आणि नकाशा चुरगाळून टाकला तर?" बाईंनी विचारलं.

तिने खरंच चुरगाळला. सरकारी सुरक्षेचा कागद. मी डोळे मिटून घेतले. पुन्हा शांतता झाली, आणि या वेळी मला ती संपू नये असं वाटत होतं. "तरीही असणार," ती म्हणाली. "चुरगाळलं तरी सगळं जवळच येतं, लांब जात नाही."

बाईंनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. मग म्हणाल्या, "आमच्याकडून होकार समज. आता घरच्यांचा घेऊन ये."

मी दार उघडलं. वडील आत आले, त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं. "तिलाच विचारा," मी एवढंच म्हटलं.

"बाबा, खाली बसा," ती म्हणाली. इस्त्रीच्या पँटसकट ते जमिनीवर बसले. तिने कागद उलगडला, सगळं पुन्हा सांगितलं, पुन्हा चुरगाळला. ती मध्ये थांबायची तेव्हा तेही थांबायचे. जन्मभर लोकांना 'आ करा' म्हणणाऱ्या माणसाचं स्वतःचं तोंड उघडं राहिलं होतं. बराच वेळ ते त्या बोळ्याकडे बघत राहिले.

"आहे म्हणतेस तो ठिपका," ते शेवटी म्हणाले. "पण या बोळ्यात नेमका कुठे?"

"आहे एवढं कळतं, बाबा. शोधायचा कसा ते मला अजून येत नाही."

त्यांनी तो बोळा उचलला, दोन बोटांत फिरवून पाहिला आणि जपून तिच्या हातात दिला.

"मग शिक," ते म्हणाले.