बारा चुलींचं गाव

विदरकोट गावात बारा घरं होती आणि त्यांतल्या अकरा घरांत मेंढ्या राहत होत्या. बाराव्या घरात पार्नेल आणि तिचा नवरा थर्स्टन राहत.

आठ वर्षांपूर्वी असं नव्हतं. तेव्हा गावची शेतं नांगराखाली होती, आणि थर्स्टनइतकं नांगराचं सरळ तास काढणारा माणूस पंचक्रोशीत नव्हता. मग लोकरीचा भाव चढला. जमीनदार पियर्स कॅटलोच्या लक्षात आलं की, वीस माणसं राबून जेवढं पिकवतात त्याच्या दुप्पट एक मेंढपाळ आणि एक कुत्रा मिळवून देतात. शिवाय कुत्रा कुरकुरत नाही. सप्टेंबरअखेर सेंट मायकेलच्या सणादिवशी सगळ्यांचे जमिनीचे पट्टे संपले ते पुन्हा मिळालेच नाहीत. अकरा कुटुंबं विंचवासारखी बिऱ्हाड पाठीवर घेऊन कॉव्हेंट्री शहराच्या वाटेला लागली. मेंढपाळ म्हणून थर्स्टनला तेवढं ठेवून घेतलं. जाताना कुणी पार्नेलचा निरोपही घेतला नाही. शेजारच्या ॲनिस टॉलीनं तर तिच्या दारासमोर थुंकून घेतलं. तशी ॲनिस आधीही भांडायचीच, पण तेव्हा भांडणाचं कारण बदकं असायची.

घरं पाडायला कायद्यानं बंदी होती, आणि कॅटलो कायदा मानणारा माणूस. त्यानं एक कूडसुद्धा पाडला नाही. नुसत्या मेंढ्या आत घातल्या.

मग एके वर्षी बातमी आली की राजानं चौकशी लावली आहे. कोणत्या गावात नांगर बंद पडले, कोणती घरं ओस पडली, हे पाहायला दोन अधिकारी जिल्हाभर फिरत होते. दोष सापडला तर त्या जमिनीचं निम्मं उत्पन्न राजाच्या खजिन्यात. कॅटलोचा कारभारी वॅडलो घोडा फेसाळेपर्यंत दौडत पार्नेलच्या दारात आला.

"परवा येतायत," तो म्हणाला. "गाव भरलेलं दिसलं पाहिजे."

"कशानं भरू? मेंढ्यांना टोप्या घालू?"

"बाई, जीभ आवर. बारा चुली पेटव. छपरातून धूर निघाला म्हणजे आत माणसं आहेत असंच कुणीही समजणार. थर्स्टन रस्त्याकडेचं शेत नांगरेल. बैल मी पाठवतो."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर तेरावं कुटुंब कॉव्हेंट्रीला जाईल."

"गावात होतीच बारा," पार्नेल म्हणाली. पण वॅडलोला मोजणी शिकवण्यात अर्थ नव्हता.

दोन दिवस ती राबली. अकरा घरांतल्या मेंढ्या हाकलल्या, लेंड्या उपसल्या, जमिनीवर सुका लव्हाळा अंथरला. तिसऱ्या दिवशी पहाटेपासून ती एका चुलीवरून दुसरीवर धावत होती. तीन नंबरच्या घरात ओलं लाकूड, सहामध्ये वारा उलटा. बारावी चूल पेटेतो पहिली विझायची. सासरी आल्यापासून एका चुलीला कंटाळलेली बाई त्या दिवशी काळ्याकुट्ट तोंडानं बारा चुली फुंकत होती. टेकडीच्या उतारावर, रस्त्याकडेच्या शेतात थर्स्टन मात्र गाणं म्हणत होता. आठ वर्षांनी नांगर हाताला लागला होता, खोटा का असेना.

अधिकारी दुपारी आले. मोठ्याचा पाय संधिवातानं सुजलेला, त्यामुळे तो घोड्यावरून उतरला नाही. दुसरा, कारकुनी करणारा, उतरला, त्यानं पार्नेलचा हात बायबलवर ठेवला आणि दौत उघडली.

"घरं बारा दिसतात. माणसं कुठंयत?"

"शेतावर, साहेब. पेरणीचे दिवस. कोण घरी बसणार?"

"नावं सांग."

इथं पार्नेलला वाटलं होतं की जीभ अडखळेल. पण पहिलं नाव तोंडातून आलं आणि त्यामागोमाग सगळं गावच आलं. कोपऱ्यावरचा लोहार गिल्बर्ट, त्याचे तिघे मुलगे, धाकटा जरा बहिरा. त्यापुढं विधवा मॉड, तिच्या अंगणात दोन नासपतीची झाडं, फळ कुणाला देत नाही. त्यापुढं टॉलींचं घर. ह्यू टॉली, बायको ॲनिस, तोंडाची फटकळ पण मनाची तशी वाईट नाही, मुलगा बार्नाबी. ती बोलत गेली आणि कारकून लिहीत गेला. इतक्या बारकाव्यानं खोटं बोलणारं माणूस त्यानं पाहिलंच नव्हतं. त्यामुळे हे खरं असणार, अशी त्याची खात्री पटली.

तेवढ्यात टॉलींच्या घरातून खोकल्याचा आवाज आला. हाकलताना एक म्हातारी मेंढी मागं राहिली होती.

"आत कोण आहे?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"ॲनिसची सासू, साहेब. छातीत कफ आहे. बघायचंय का? ताप आहे, अंगावर पुरळही आलंय."

अधिकाऱ्यानं घोडा दोन पावलं मागं घेतला. "राहू दे. सतरा पुरुष, बारा घरं. जिल्ह्यात अशी आणखी गावं असती तर!" आणि ते निघून गेले.

ईस्टरच्या आधी पार्नेलनं पाद्रीबाबांपाशी खोट्या शपथेचा कबुलीजबाब दिला. बाबांनी पन्नास वेळा प्रार्थना म्हणायला सांगितली आणि पुन्हा असं करू नकोस म्हणाले. त्यांच्या अंगावर नवाकोरा लोकरी झगा होता. आता त्यांना धान्याऐवजी लोकरीतला दहावा वाटा मिळत होता.

पाच वर्षं गाव असंच कागदावर नांदलं. मग राजानं फ्रान्सवर स्वारी काढायचं ठरवलं. गावोगावच्या धडधाकट पुरुषांची हजेरी घेण्याचा हुकूम सुटला, आणि कुठल्या गावात किती पुरुष, हे पाहायला जुने कागद निघाले. विदरकोटच्या नावापुढं सतरा होते. तीन आठवड्यांनी धनुष्यबाणासह हजर करावेत.

या खेपेला कॅटलो स्वतः आला. आयुष्यात पहिल्यांदाच तो पार्नेलच्या घरात बाकड्यावर बसला.

"सतरा कशाला सांगितलेस?" तो म्हणाला. "पाच सांगितले असते तर काय बिघडलं असतं?"

"मालक, तुमचाच निरोप होता, भरलेलं दिसू दे."

"भरलेलं म्हणजे उतू जाणारं नव्हे! मेले म्हणून सांगता येईल का?"

"सतराच्या सतरा? मग थडगी मागतील."

"पळून गेले म्हणून सांगू?"

"मग राजा विचारेल, मालकांनी असं काय केलं की गावच पळालं?"

कॅटलोनं थर्स्टनकडं पाहिलं. थर्स्टन चुलीकडं पाहत होता. खरं सांगावं तर निम्मं उत्पन्न जाणार आणि शिवाय राजाच्या अधिकाऱ्याला फसवल्याचा गुन्हा. हात दाखवून अवलक्षण ते हेच.

"मग आता काय करायचं?" जमीनदारानं आपल्या मेंढपाळाच्या बायकोला विचारलं.

"जे लिहिलंय ते खरं करायचं," पार्नेल म्हणाली. "मी जाते कॉव्हेंट्रीला. पण मी रिकाम्या हातानं गेले तर कुणी यायचं नाही, मालक."

कॉव्हेंट्रीत ॲनिस टॉली एका कापडवाल्याच्या तळघरात भेटली. ओल्या भिंतीला टेकून ती लोकर पिंजत होती. केस पांढरे झाले होते. पार्नेलला पाहून ती उठली नाही.

"मेंढ्यांची राणी आली का? बैस. खाली घाण आहे, तुला सवय असेल."

पार्नेल बसली आणि तिनं सगळं सांगितलं. चुली, शपथ, सतरा पुरुष, हजेरी. ॲनिस ऐकता ऐकता हसायला लागली, इतकी की तिला ठसका लागला.

"म्हणजे आम्ही इथं कुजत होतो आणि तिथं तू आमचा संसार चालवत होतीस? काय करत होते गं मी?"

"ह्यूबरोबर शेतावर गेली होतीस."

"ह्यू जाऊन चार वर्षं झाली." ॲनिसनं हातातला पुंजका खाली ठेवला. "आणि सासूबाई?"

"घरात होत्या. खोकत होत्या."

"पहिल्याच थंडीत गेल्या त्या. शेवटपर्यंत एकच धोशा, मला घरी न्या." तिनं पुंजका पुन्हा उचलला. "तू त्यांना घरी ठेवलंस म्हणायचं."

"ती मेंढी होती, ॲनिस."

"कळलं मला. गप्प बैस."

नंतर तिनं डोळे पुसले आणि सौदा सुरू केला. तोंडी वचन नको, लेखी पट्टा हवा. एका वर्षाचा नको, आपली, मुलाची आणि नातवाची हयात संपेपर्यंतचा. खंड, म्हणजे जमिनीचं भाडं, जुनंच. टेकडीचा उतार नांगराखाली. "आणि मालकाला सांग, मेंढ्यांनी कुरतडलेली दारं त्यानंच बसवून द्यायची."

"एवढं मागशील तर तो फेफरं येऊन पडेल."

"पडू दे. तीन आठवडे आहेत त्याच्याकडं. मला कसलीच घाई नाही."

ॲनिसनंच बाकीच्यांना गाठलं. कॉव्हेंट्रीत कापडाचा धंदा बसला होता, माग बंद पडत होते. अकरा कुटुंबांपैकी सात यायला तयार झाली. विधवा मॉडचा पत्ता लागला नाही. लोहार गिल्बर्टनं शहरात दुकान थाटलं होतं, त्यानं येण्यास साफ नकार दिला. त्याचा बहिरा मुलगा मात्र आला. कॅटलोनं दोन दिवस आदळआपट केली, वॅडलोला शिव्या दिल्या आणि तिसऱ्या दिवशी सात पट्ट्यांवर शिक्का मारला. कमी पडलेली माणसं त्यानं शेजारच्या गावांतून आपल्या पैशानं आणली आणि न आलेल्या कुटुंबांची नावं त्यांना पाठ करायला लावली.

हजेरीच्या दिवशी माळावर सतरा पुरुष रांगेत उभे राहिले. अधिकारी खूश झाला. "इतर जमीनदार माणसं हाकलून मेंढ्या पाळतात," तो कॅटलोला म्हणाला, "आणि तुम्ही गाव राखलंत." कॅटलोनं मान लववली. त्या रविवारी पाद्रीबाबांनीही देवळात त्याला गरिबांचा कैवारी म्हटलं. कैवाऱ्याला वाकून नमस्कार करताना लोकांचे चेहरे अगदी गंभीर होते.

त्या शरदात विदरकोटचा उतार पुन्हा नांगरला गेला. जुन्या गवताची मुळं एवढी खोल गेली होती की आठ बैल थकले. थर्स्टनची पाठ आता वाकली होती आणि त्याचं तास पूर्वीइतकं सरळ येत नव्हतं. पण कुणी त्याला हसलं नाही.

पुढल्या उन्हाळ्यात फ्रान्सला जायचा हुकूम आला. सतरांतून चौघांना निवडलं. त्यात बार्नाबी टॉली होता. तळघरातच राहिला असता तर कदाचित राजाच्या नजरेसही पडला नसता. तो गावात आला म्हणून यादीत आला, आणि यादीत आला म्हणून गेला.

निघायच्या सकाळी पार्नेल त्याच्यासाठी भाकरी आणि खारवलेलं डुकराचं मांस घेऊन गेली. दारात ॲनिस आडवी उभी होती.

"सतरा का म्हणालीस?" ॲनिस म्हणाली. "सोळा म्हणायचं होतंस. माझा एक वगळायचा होतास."

पार्नेलनं गाठोडं उंबऱ्यावर ठेवलं आणि ती परत फिरली.

त्या वर्षी फ्रान्समध्ये लढाईनं मेले त्याहून जास्त थंडीनं मेले. चौघांतले दोघे परतले, एकाच्या पायाची बोटं गेलेली. बार्नाबी परतला नाही. त्याला कुठं पुरलं, हे बोटं गमावलेल्या माणसालाही सांगता येईना. बर्फ होता आणि सगळं सारखंच दिसत होतं, एवढंच तो म्हणाला.

कॅटलोलाही त्या हिवाळ्यात एक धक्का बसला, त्याच्या परीनं मोठा. ख्रिसमसच्या मेजवानीत शेजारच्या जमीनदारानं त्याला हसत हसत सांगितलं, की चौकशीच्या वेळी आपण सरळ गुन्हा कबूल केला होता. थोडा दंड झाला, एक वकील लागला, आणि पुढं कुणी फिरकलंच नाही. त्याचं निम्मं उत्पन्न घ्यायला राजाला सवडच झाली नव्हती. त्याच्या सगळ्या जमिनीवर मेंढ्या होत्या आणि लोकरीचा भाव पुन्हा चढत होता. कॅटलो ताटातला भाजलेला हंस तसाच टाकून उठला. घरी जाऊन त्यानं वॅडलोला कामावरून काढलं. पट्टे मात्र काढता येईनात. त्यांवर त्याचाच शिक्का होता.

ॲनिसनं पार्नेलशी बोलणं टाकलं होतं. विहिरीवर पार्नेल आली की ती भरलेली बादली तशीच घेऊन निघायची. पार्नेलनं समजूत घालायचा प्रयत्न केला नाही. तिला स्वतःलाच रात्रंदिवस तेच वाटायचं, सोळा म्हटलं असतं तर. मग वाटायचं, तर दुसऱ्या कुणाचा तरी गेला असता. आणि एवढं वाटून झाल्यावरही सतरा ते सतराच राहायचे.

मार्चमध्ये वाटाणे पेरायची वेळ आली. ॲनिसच्या शेताच्या पट्टीवर पेरायला पुरुष नव्हता, ती एकटीच पेरत होती. एका सकाळी पार्नेल न सांगता गेली, बियाण्याची पिशवी कमरेला बांधली आणि दुसऱ्या टोकापासून पेरू लागली. ॲनिसनं पाहिलं. हाकलून दिलं नाही. दुपारपर्यंत दोघी समोरासमोरून येऊन एकमेकींना ओलांडून गेल्या, पुन्हा आल्या, पुन्हा ओलांडून गेल्या. वर कावळे ओरडत होते आणि थर्स्टन बांधावर बसून त्यांना दगड मारत होता.

उन्हं डोक्यावर आल्यावर ॲनिस बांधावर बसली. तिनं जवाची भाकरी मोडली, एक तुकडा पार्नेलच्या बाजूला दगडावर ठेवला आणि दुसरीकडं तोंड करून खाऊ लागली. पार्नेलनं तुकडा उचलला.

"दाणे फार दाट टाकतेस," ॲनिस पाठमोरीच म्हणाली. "नेहमीचंच तुझं."

"आता विरळ टाकते."

"उद्या लवकर ये. जमिनीचा वाफसा निघून जाईल."

पार्नेल बरं म्हणाली आणि दोघी पुन्हा आपापल्या टोकाला गेल्या.