तांत्यातल्या सोनेरी खुर्चीची मखमल

मित्रांनो, मी एक जुनी सोनेरी खुर्ची आहे. माझा जन्म इजिप्तमधल्या दमियात शहरातला, सुतारांच्या गल्लीतला. माझे पाय सिंहाच्या पंजांसारखे आहेत. कोरणाऱ्याने सिंह पाहिला नव्हता, त्यामुळे ते कोंबडीचे वाटतात.

अंगावर हिरवी मखमल चढवून मला तांता शहरात, इन्साफबाईंच्या दिवाणखान्यात आणलं आणि लगेच चादरीने झाकलं. आमच्याकडे चांगली खुर्ची पाहुण्यांसाठी असते. अकरा वर्षांत चार पाहुणे बसले. त्यातला एक चुकून आला होता.

मग इन्साफबाईंच्या धाकट्या मुलीने, रिहाबने मला शोधलं. घरात सगळे एकदम बोलू लागले की ती कान दाबून माझ्या चादरीत शिरायची आणि मखमलीवरून बोट फिरवायची, नेहमी डावीकडून उजवीकडे. ती कोणाच्या डोळ्यांत बघत नसे. मला डोळेच नाहीत, म्हणून आमचं जमलं. तांत्याहून सुटणाऱ्या सगळ्या गाड्यांच्या वेळा ती मला सांगायची. मला कुठे जायचं नव्हतं, तरी ऐकायचे. डॉक्टरांनी तिला स्वमग्नता असल्याचं सांगितलं, तेव्हा आईबाबा काळजीने हळू बोलू लागले. ते तिला फार आवडलं.

मोठ्या मुलीला, शैमाला मागणी आली. मुलाची आई, हजयात्रा केलेल्या हाज्जा नवाल, घर बघायला येणार होत्या.

"ही विटकी मखमल बघून काय म्हणतील त्या?" इन्साफबाईंनी गादीवाल्या कारागिराला, उस्ता गाबिरना बोलावलं. "चकचकीत साटीन चढवा."

"असं चढवतो बाई, की पाहुणी घसरून थेट स्वयंपाकघरात!"

रिहाबला कोणीच सांगितलं नाही.

हाज्जा माझ्यावर बसल्या. जमलेल्या मावश्यांनी आमच्या रिवाजाप्रमाणे जिभा हलवून आनंदाच्या आरोळ्या ठोकल्या. रिहाब कान दाबून धावत आली.

"उठा. माझी जागा आहे."

"रिहाब! अगं, पाहुण्या आहेत!"

"असू द्या हो," हाज्जा म्हणाल्या. "बाळा, खुर्ची काय, माझे दोन्ही डोळे घे!"

रिहाबने विचार केला. "डोळे नकोत. खुर्ची द्या."

हाज्जा पोट धरून हसल्या आणि उठल्या. रिहाब बसली. बोट फिरवलं. बोट घसरलं. पुन्हा फिरवलं.

"मखमल कुठंय?"

"उस्ता गाबिरकडे. अगं, नवीन किती छान..."

ती किंचाळली. मग अनवाणीच दाराबाहेर पळाली. लग्नाची बोलणी टाकून सगळे मागे धावले. हाज्जासुद्धा. मी एकटी राहिले.

पुढचं मला ऐकून ठाऊक आहे. ती उस्तांच्या दुकानात चिंध्यांच्या ढिगावर, मखमलीच्या तुकड्यावरून बोट फिरवत बसली होती. शांत.

"इस्कंदरियाची शेवटची गाडीही सांगून झाली," उस्ता म्हणाले. "आता मुक्कामच आहे वाटतं."

"मखमल परत चढवा," इन्साफबाई रडत म्हणाल्या.

"कापली की हो! दोन उशा होतील फार तर."

त्या उशा रिहाबच्या खोलीत आहेत. शैमाचं लग्न ठरलं. मला वाटायचं, रिहाबचा माझ्यावर जीव आहे. तो मखमलीवर होता. मी फक्त मखमलीखाली होते. आता ती इकडे येत नाही, आणि गाड्यांच्या वेळा बदलल्या असतील तर मला कळायचं नाही.

मित्रांनो, तुमच्या ओळखीत अशी एखादी रिहाब असेल, तर तिचं काहीही बदलण्याआधी तिला सांगा. आदल्या दिवशी सांगा, हळू आवाजात सांगा. आणि ती नको म्हणाली, तर पाहुण्यांना विटक्या मखमलीवर बसवा. पाहुणे तासाभरात जातात.